भाच्याची गोळी

गेल्या महिन्यात गोदीच्या गेटाबाहेर चहा पिताना चळवळीतला एक मित्र मला म्हणाला, "तुझ्या भाच्याला मेंदूच्या गोळ्या चालू केल्या म्हणे. च्यायला, तू पण? पोरगं नाचतं, पळतं, मास्तरला उलटं बोलतं म्हणून त्याला औषध देऊन गप बसवायचं? व्यवस्थेला अशीच गप बसलेली पोरं पाहिजेत." बाकीचे दोघंतिघं माना हलवत होते. मी काही बोललो नाही. पाळीची वेळ झाली आणि आत गेलो. पण रात्रभर पोलादाच्या कॉइलला स्लिंग घालताना डोक्यात तेच चालू होतं. तोंडी उत्तर देता आलं नाही म्हणून हे लिहितोय.

मी मॅट्रिक, तेही तिसऱ्या खेपेला. डॉक्टर नाही. पण गेले काही महिने या विषयावर हाताला लागलं ते वाचलंय, डॉक्टरीणबाईंना छळछळून विचारलंय. जे समजलं ते आपल्या भाषेत मांडतो. कारण हा विषय इंग्रजी पेपरात आणि पुण्या-मुंबईच्या ए.सी. दवाखान्यात अडकून पडलाय, आणि ज्या पोरांना त्याची गरज आहे ती बीडला उसाच्या फडात वाढं गोळा करताहेत.

भाचा नऊ वर्षांचा. आमचं गाव केज तालुक्यात. आक्का आणि दाजी ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाची उचल अंगावर घेऊन कोयता निघतो, कधी सांगली-कोल्हापूरकडं तर कधी बेळगावकडं, आणि परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. पोरगं लहानपणापासून एका जागी ठरत नाही. भाकरी खाताना अर्धी टाकून उठतं. सांगितलेलं काम निम्म्या रस्त्यात विसरतं. चप्पल, पाटी, दप्तर सगळं हरवतं. गेल्या सालच्या सीझनला तर कुत्र्याच्या पिल्लामागं धावत थेट भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकापाशी गेलं, दीड हातावरनं वाचलं. आक्का फोनवर रडली. "आरं, ह्यो पोरगा माज्या हाताला लागंना. मी ऊस तोडू का ह्याच्या मागं पळू? एखाद्या दिशी चाकाखाली जाईल बग ह्यो."

शाळेत तर त्याची गोष्टच वेगळी. फळ्यावरचं चार ओळी उतरवायचं तर दीड ओळीवर थांबायचं. खिडकीतून काही गेलं की उठायचं. मग छडी. मग वर्गाबाहेर. एका सरांनी दाजीला तोंडावर सांगितलं, "तुमच्यातली पोरं अशीच. डोकंच नाही, करणार काय?" दाजी खाली मान घालून परत आला. माझी माय, जिच्या नवऱ्यानं घरातले देव फेकून दिले होते, ती गुपचूप देवऋषीकडं जाऊन गंडा घेऊन आली. मी गावी गेलो तेव्हा पोराच्या दंडावर काळा दोरा आणि पाठीवर छडीचे वळ, दोन्ही एकाच वेळी पाहिले. एकानं भूत म्हटलं, दुसऱ्यानं जात म्हटली. पोराकडं कुणी बघितलंच नव्हतं.

त्याला आम्ही सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात नेलं. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला सत्तरच्या दशकापासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे हा जिल्हा डॉक्टर बघितलेलाच नाही असं कुणी म्हणू नये. पण मानसोपचाराच्या खोलीबाहेर उभं राहायची लाज आपल्या लोकांना इतकी वाटते, की दाजी टोपी तोंडावर ओढून बसला होता.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी गोळी दिली नाही. हे त्या मित्रानं नीट वाचावं. आधी कान तपासले, डोळे तपासले. रक्त कमी आहे का बघितलं. झोप किती, जेवण किती, मार किती बसतो, घरी दारू आहे का, फिट येते का, सगळं विचारलं. कारण भुकेलं लेकरूही चुळबुळ करतं. कान फुटलेलं लेकरू सांगितलेलं ऐकत नाही. रात्री दोनला आईबापाबरोबर फडावर निघणारं लेकरू दिवसा वर्गात पेंगतं नाहीतर चिडतं. रोज मार खाणाऱ्याचं लक्ष छडीवर असतं, पुस्तकावर नसतं. हे सगळं चाळून बाजूला काढल्यावर काय उरतं ते बघायचं असतं. मग एक कागद घरासाठी आणि एक शाळेसाठी भरून आणायला सांगितला. शाळेतला कागद नव्यानं आलेल्या एका बाईंनी भरला, आणि खरा भरला. नियम असा आहे की लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली पाहिजेत, सहा महिन्यांहून जास्त टिकलेली पाहिजेत, आणि घरी, शाळेत अशा किमान दोन ठिकाणी दिसली पाहिजेत. फक्त एका मास्तरापुढंच पोरगं वांड होत असेल तर दोष मास्तरात असू शकतो. चार खेपा झाल्यावर बाई म्हणाल्या, याला एडीएचडी आहे. लक्ष धरून ठेवता येत नाही आणि अंग आवरता येत नाही, असा मेंदूच्या वाढीतला फरक.

मी विचारलं, मेंदूत नेमकं काय होतं? त्यांनी सांगितलेलं मी माझ्या कामाच्या भाषेत सांगतो.

गोदीत क्रेनवाला वर केबिनमध्ये बसतो. त्याला जहाजाच्या पोटातला माल दिसत नाही. हॅचच्या तोंडाशी सिग्नलमन उभा असतो. तो हात वर करतो, आडवा करतो, मूठ मिटतो, आणि क्रेनवाला तेवढंच बघतो. खाली टोळी ओरडत असते, विंच कोकलत असतं, बाजूच्या जहाजाचा भोंगा होतो, पण क्रेनवाल्याला फक्त तो एक हात दिसतो. म्हणून वीस टनांची कॉइल कुणाच्या डोक्यावर पडत नाही. आता समजा धुकं पडलं आणि सिग्नलमनचा हात अंधुक झाला. क्रेनची ताकद तीच आहे. ड्रायव्हरही हुशार आहे. पण हात दिसेना म्हणून तो मिळेल त्या आवाजावर क्रेन हलवायला लागला, तर काय होईल?

आपल्या कपाळामागं मेंदूचा एक भाग आहे, त्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. तो सिग्नलमन. थांब, आधी हे कर, ते नंतर, असं सांगणारा. त्याचा मेंदूच्या आत खोलवरच्या स्ट्रायटम नावाच्या भागाशी सतत संवाद असतो. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मधे बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, समोरची ते पकडते, आणि निरोप पुढं जातो. लक्ष, उमेद आणि आवर यांच्या निरोपात दोन रसायनं मोठी आहेत, डोपामाइन आणि नॉरॲड्रेनॅलिन. निरोप गेला की सोडणारी पेशी आपलं रसायन पंपानं परत ओढून घेते. एडीएचडीत या रसायनांचा कारभार वेगळा चालतो, आणि निरोप हवा तेवढा ठळक पोचत नाही असं शास्त्रज्ञ मानतात. सिग्नलमनचा हात अंधुक. म्हणून खिडकीतला कावळा आणि फळ्यावरचं गणित पोराला सारख्याच जोराचे वाटतात.

भाच्याला दिलेल्या गोळीचं नाव मिथाइलफेनिडेट. ती त्या पंपाच्या तोंडाशी बसते. पंप हळू होतो, रसायन फटीत जरा जास्त वेळ राहतं, निरोप ठळक होतो. अमेरिकेत नोरा व्होल्कॉव्ह यांनी १९९८ साली मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं की तोंडानं घेतलेल्या नेहमीच्या डोसानं डोपामाइनचे निम्म्याहून जास्त पंप अडतात. आता कुणी म्हणेल, कोकेनही तोच पंप अडवतं. बरोबर आहे. पण नशा येते ती औषध मेंदूत धाडकन शिरतं तेव्हा. तोंडानं घेतलेली गोळी सावकाश चढते, सावकाश उतरते. साधी गोळी अर्ध्यापाऊण तासात लागू होते आणि चारएक तासांनी तिचा असर संपतो. ती झोपेची गोळी नाही. माझा मित्र म्हणतो तसं पोरगं गुंगीत गप बसत नाही, आणि बसलंच तर डोस चुकलाय असं समजून डॉक्टरांकडं जायचं. ती हुशारीही वाढवत नाही. चष्म्यानं डोळा बरा होत नाही, पण घातला की अक्षर दिसतं. तसंच.

आणि हे कालचं फॅड आहे असं समजू नका. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञानं अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडलीनं ३० मुलांना बेंझेड्रिन दिलं आणि जवळपास निम्म्यांचा अभ्यास आठवड्याभरात सुधारल्याचं लिहिलं. मिथाइलफेनिडेट १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पॅनिझॉननं बनवलं आणि बायकोच्या रीटा या नावावरून ते रिटॅलिन झालं. म्हणजे आपल्या आज्याच्या काळात हे औषध बनलं. आपल्या वस्तीपर्यंत ते आजही धड पोचलेलं नाही.

आता खरा मुद्दा. मित्राच्या बोलण्यामागं एक भीती आहे आणि ती मला कळते. ती भीती अशी, की आपल्या पोराच्या मेंदूत काही वेगळं आहे असं आपणच म्हणालो, तर उद्या तो सर म्हणेल, "बघा, मी सांगत नव्हतो का? यांना डोकंच नाही." पिढ्यान्‌पिढ्या आपल्या डोक्याबद्दल हेच सांगितलं गेलं. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्यानं लोकांची नाकं मोजून जाती वरखाली लावल्या, आणि १९०१च्या जनगणनेचा तोच मुख्य होता. शास्त्राच्या नावानं आपल्याला खाली ढकलायचा धंदा जुना आहे. तेव्हा शास्त्र म्हटलं की आपला हात आधी मारायला उठतो, यात नवल नाही.

पण बाबासाहेबांनी काय केलं ते आठवा. १९४८ साली 'द अनटचेबल्स' लिहिताना त्यांनी त्याच नाकाच्या मापांचे आकडे घेतले, प्रांताप्रांताचे ताडून बघितले, आणि त्याच आकड्यांवरून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. मोजपट्टी बघून ते पळाले नाहीत. मोजपट्टी हातात घेतली आणि मोजणाऱ्याचं खोटं बाहेर काढलं. मेंदूच्या शास्त्राशी आपण तसंच वागायला पाहिजे.

तर बघू या मोजपट्टी काय म्हणते. २०१७ साली वेगवेगळ्या देशांतल्या २३ ठिकाणची माणसं एकत्र करून मेंदू तपासले. १७१३ जणांना एडीएचडी, १५२९ जणांना नाही. मेंदूतल्या काही भागांचा आकार पहिल्या गटात सरासरीनं किंचित लहान निघाला, लहान मुलांत जास्त, मोठ्यांत दिसेनासा. फरक इतका बारीक की एका माणसाचा फोटो काढून त्याला एडीएचडी आहे का हे सांगता येत नाही. त्याआधी २००७ साली अमेरिकेत फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२३ एडीएचडीची आणि २२३ बाकीची मुलं तपासली. मेंदूची साल बाकीच्या मुलांत साधारण साडेसाताव्या वर्षी पुरती जाड होते, एडीएचडीच्या मुलांत साडेदहाव्या वर्षी. वाढीची वाट तीच, पण तीनेक वर्षं उशिरा. आपला सर नऊ वर्षांच्या पोराकडून नऊ वर्षांचा आवर मागतो आणि मिळाला नाही की छडी मारतो.

हा फरक जगभर साधारण २० पोरांमागं एकात सापडतो. गोऱ्यांत, काळ्यांत, श्रीमंतांत, गरिबांत. त्याचा बराच भाग रक्तातून येतो, जुळ्यांच्या अभ्यासांतून तो ७० ते ८० टक्के धरतात. पण रक्त म्हणजे आईबापाचं रक्त, जातीचं नव्हे. उंची आईबापाकडून येते, म्हणून कुठली जात बुटकी ठरत नाही. त्या सराच्या स्वतःच्या जातीतही २० मागं एक असणारच. मग ती पोरं कुठं दिसत नाहीत? तर ती डॉक्टरकडं असतात. त्यांना खासगी शिकवणी असते, शाळेत समुपदेशक असतो, परीक्षेला जास्त वेळ मागायला इंग्रजी बोलणारा बाप असतो. त्यांच्या पोराच्या हातात निदानाचा कागद पडतो, आणि आपल्या पोराला तोच फरक जातीच्या नावानं ऐकवला जातो. जातीचा संबंध आहे तो इथं. मेंदूचा फरक सगळीकडं वाटला गेलाय, उपचार मात्र उतरंडीनं वाटलाय.

रक्ताखेरीज आणखी कारणं आहेत आणि ती आपल्या जिल्ह्यात पेरलेली आहेत. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या, कमी वजनाच्या लेकरांत याची शक्यता वाढते. आक्कानं आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलल्या, आणि हा पोरगा कोपीत दिवस भरायच्या आधीच जन्मला. म्हणूनच हे झालं असं मी म्हणत नाही, एका पोराबाबत तसं कुणालाच म्हणता येत नाही. पण २०१९ साली सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. जिथं बाईच्या पोटाची ही किंमत आहे, तिथं पोटातल्या पोराच्या मेंदूची काळजी कोण करणार? त्या लढाईत मी मित्राच्या बरोबर आहे. फक्त ती लढाई संपेपर्यंत भाच्यानं चाकाखाली जायचं का, एवढंच मी विचारतो.

मित्राचं दुसरं म्हणणं की हा कंपन्यांचा डाव आहे. यातही तथ्य आहे, नाकारत नाही. अमेरिकेत २०२२ साली ११.४ टक्के पोरांना, म्हणजे ७० लाखांच्या आसपास मुलांना, कधी ना कधी हे निदान झालेलं होतं. तिथं कंपन्यांनी बाजार मांडला. पण अमेरिकेतल्या जादा गोळ्यांची शिक्षा केज तालुक्यातल्या पोरानं का भोगावी? कुणाला अजीर्ण झालं म्हणून आपण उपास करायचा का?

गोळीच्या मर्यादाही सांगतो, लपवत नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत ५७९ मुलांना १४ महिने बघितलं. नीट देखरेखीखाली दिलेल्या गोळीनं लक्षणं सर्वांत चांगली आवरली. पण त्याच मुलांना तीन वर्षांनी बघितलं तेव्हा गटागटांतला फरक पुसला गेला होता. म्हणजे गोळी सुरू केली आणि सोडून दिलं असं चालत नाही. शिकवायची पद्धत बदलावी लागते, आईबापाला वागवण्याची रीत शिकवावी लागते. सहा वर्षांखालच्या लेकराला तर आधी हेच करतात, गोळी नंतर. सगळ्यांना ही गोळी लागू पडत नाही. मिथाइलफेनिडेट नाही चाललं तर ॲटोमोक्सेटीन नावाची दुसरी आहे, ती मुख्यतः नॉरॲड्रेनॅलिनवर काम करते आणि तिचा असर यायला काही आठवडे लागतात. काहींची झोप उडते, काहींचं डोकं दुखतं, छातीचे ठोके वाढतात, म्हणून हृदयाची चौकशी आधी करतात. आणि भूक मरते.

ही भुकेची गोष्ट आपल्याला सगळ्यात महाग पडते. कारण आपल्या लेकराचं दिवसातलं खात्रीचं जेवण म्हणजे शाळेतली दुपारची खिचडी, आणि सकाळी गोळी घेतली की नेमकी त्याच वेळी भूक नसते. पहिल्या महिन्यात भाच्याचं वजन उतरलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सकाळी गोळीच्या आधी पोटभर भाकरी द्या, संध्याकाळी गोळी उतरली की परत जेवू घाला, दर महिन्याला वजन करून आणा. आता माय पहाटे उठून भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी अंडं देते आणि मगच गोळी देते. वजन जागेवर आलं. मुंबईच्या डॉक्टरांच्या पुस्तकात खिचडीचं हे गणित नसेल, पण बीडमध्ये याशिवाय गोळीचं गणित सुटत नाही.

आणि फरक? जूनपासून गोळी चालू आहे. पोरगं तसंच हसरं आहे, तसंच उलटं बोलतं, तसंच झाडावर चढतं. पण फळ्यावरच्या चार ओळी चारही उतरतात. रस्त्याच्या कडेला थांबून दोन्हीकडं बघतं. मागं फोनवर म्हणालं, "मामा, आज मला मार न्हाई बसला. बाई म्हनल्या, अक्षर बरं हाय." ज्याला यात गुलामी दिसते त्यानं आधी वर्षभर रोज छडी खाऊन बघावी.

माझंही सांगतो, कारण दुसऱ्याच्या पोरावर लिहून मोकळं होणं सोपं असतं. निदान सांगताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे बऱ्याचदा घराण्यात असतं, आणि माझ्याकडं बघून हसत म्हणाल्या, "मामांचं शाळेत कसं होतं?" मी गप्प झालो. तीन वेळा मॅट्रिक. चार कामं सुटलेली. एकदा चालत्या स्लिंगखालून गेलो म्हणून मुकादमानं शिव्या घातल्या होत्या. कविता पावत्यांच्या पाठीवर लिहितो आणि निम्म्या हरवतो. मला काय आहे हे तपासलेलं नाही, म्हणून मी काही दावा करत नाही. पण मित्र म्हणतात, तुझी ती बेचैनीच तुझी कविता आहे, ती गोळीनं मेली असती. मला हे पटत नाही. माझी कविता मी जे पाहिलं त्यातून आली. बेचैनीनं त्यातली निम्मी हरवली. शाळेत चार ओळी पुऱ्या लिहिता आल्या असत्या तर मी कवी झालो नसतो असं नाही, कदाचित दहावीच्या पुढं शिकलेला कवी झालो असतो. 'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला शब्द आहे. शिकायला बसताच न येणाऱ्या पोराला तो शब्द कसा पोचवायचा, हा चळवळीचा प्रश्न आहे की नाही?

आता येतो दसरा. आणि इथं सगळं अडतं.

मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समधलं औषध आहे. डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदारानं दोन वर्षं जपून ठेवायची, आणि ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो. आम्ही तालुक्यात चार मेडिकल फिरलो, चौघांनी नाही म्हटलं, एकानं तर दाजीकडं गर्दुल्ल्याकडं बघतात तसं बघितलं. हा कायदा नशेचा बाजार रोखायला आहे, तो नसावा असं मी म्हणत नाही. पण सहा महिने परक्या मुलुखात कोपीत राहणाऱ्या माणसाचा विचार तो कायदा करताना कुणी केला नव्हता. फोनवर डॉक्टरला दाखवावं, तर २०२० सालच्या टेलिमेडिसिनच्या नियमांत शेड्यूल एक्सचं औषध फोनवरून लिहून द्यायला बंदी आहे. म्हणजे आक्का-दाजी बेळगावला आणि चिठ्ठी बीडला. पोरगं बरोबर नेलं तर गोळी बंद आणि ट्रॅक्टरची चाकं चालू. गावात ठेवलं तर सांभाळायला माय, जिला डोळ्यानं नीट दिसत नाही. माझ्याकडं आणावं तर दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही सहा जण पाळ्यांनी झोपतो.

आम्ही ठरवलंय की पोरगं गावातच राहील, मायजवळ. मी महिन्यातून एकदा गाडी पकडून जाणार, दवाखान्यात नेणार, वजन करणार, चिठ्ठी घेणार, गोळी आणून देणार. दोन दिवसांचा रोज बुडणार. एका भाच्यासाठी एक मामा एवढं करील. पण बीडमधून दर साली लाखोंनी माणसं कोयत्यावर जातात. त्यांच्या पोरांत २० मागं एक धरा आणि तुम्हीच हिशेब करा. प्रत्येकाला गोदीतला मामा नाही.

म्हणून मागायचं ते नाव घेऊन मागू या. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीच्या यादीत एडीएचडी लिहिलेलं आहे. तेव्हा शाळेत गाडी घेऊन येणाऱ्या पथकानं दात आणि नखं बघून परत जाऊ नये, हेही बघावं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ सालापासून देशात आहे, त्यातून ही गोळी उपजिल्हा रुग्णालयात फुकट आणि खंड न पडता मिळावी. ऊसतोडीला जाणाऱ्या पोराला सीझनपुरता कागद मिळावा, जो कारखान्याच्या भागातल्या सरकारी दवाखान्यानंही मानावा. शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम २०१० पासून मारहाणीला आणि मानसिक छळाला बंदी करतं, ते प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लावावं, आणि अशा पोराला पुढच्या बाकावर बसवून काम तुकड्यातुकड्यानं द्यायचं साधं तंत्र मास्तरांना शिकवावं. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजलेत, शिकण्यातली अक्षमता त्यात आहे, पण एडीएचडीचं नाव नाही. ते का नाही, हे विचारावं. आणि हंगामी वसतिगृहं दसऱ्याच्या आधी उघडावीत. पोरं ट्रकमध्ये चढल्यावर उघडून उपयोग नाही.

हे सरकारनं करायचं. आपण काय करायचं? आपल्या वस्तीतलं असं पोरगं बघून "वांड" म्हणणं आधी बंद करायचं. त्याच्या मायबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभं राहायचं. कागद वाचून दाखवायचा, भरून द्यायचा. मास्तरशी बोलायला दोघंतिघं मिळून जायचं, म्हणजे खाली मान घालून कुणाला परत यावं लागणार नाही. आणि एकाची गोळी दुसऱ्याला कधीच द्यायची नाही. ज्याला ती लिहून दिली त्यालाच, डॉक्टरच्या देखरेखीखाली.

पुढच्या फेरीला मी त्या मित्राला बरोबर नेणार आहे. रात्रीच्या गाडीनं जाऊ, सकाळी मायच्या हातची भाकरी खाऊ, पोराला घेऊन रांगेत बसू. तिथं त्यानं डॉक्टरीणबाईंना काय विचारायचं ते विचारावं. मग परतीच्या गाडीत, गोळी द्यावी की नाही, यावर पुन्हा बोलू. मी तेव्हा गप्प बसणार नाही.

जयभीम.